समेट कोणाचा, कोणाशी?

अब्राहम लिंकनचा विषय निघाला की एक वाक्य ठरल्यासारखं येतं: ‘लिंकन जगला असता तर...’ पुढचं सगळ्यांना पाठ असतं. तो जगला असता तर त्याच्या उदार स्वभावामुळे उत्तर आणि दक्षिण यांचं मनोमीलन झालं असतं, यादवी युद्धाच्या जखमा लवकर भरल्या असत्या. पण १५ एप्रिल १८६५ रोजी तो गेला, सूत्रं जहालांच्या हाती पडली, त्यांनी हरलेल्यांवर सूड उगवला, दक्षिणेतले गोरे त्यामुळे बिथरले आणि कृष्णवर्णीयांचे पुढची शंभर वर्षं हाल झाले. या जहालांचा म्होरक्या म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, तो पेनसिल्व्हेनियाचा लोकप्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स. मराठी घरांना लिंकन परका नाही. मुख्याध्यापकांना लिहिलेलं म्हणून त्याच्या नावावर चालणारं पत्र आपल्या किती शाळांच्या भिंतींवर आहे. त्याने ते लिहिल्याचा पुरावा नाही, तरी ते आहे. त्यामुळे नेमस्त मार्ग बरा की जहाल, असा वाद आपल्याकडे पेटला की हे उदाहरण पुराव्यासारखं टेबलावर येतं. मग समोरची बाजूही तितकंच सोपं उत्तर देते: स्टीव्हन्स सूडबुद्धीचा नव्हता, तो तर संत होता.

दोन्ही बाजू एकच चूक करतात. त्या स्टीव्हन्सचा स्वभाव तोलत बसतात आणि त्याने मागितलं काय होतं, हे बाजूला राहतं. माझं म्हणणं असं आहे: स्टीव्हन्सला ‘टोकाचा’ म्हणणाऱ्यांनी मध्य कुठे धरायचा हे आधीच ठरवलेलं असतं. एका कडेला उत्तरेतले गोरे, दुसऱ्या कडेला दक्षिणेतले गोरे, आणि दोघांच्या मधोमध समेट. या मापनात नुकती गुलामीतून सुटलेली चाळीस लाख माणसं कुठेच नसतात. ती धरा, म्हणजे मध्य सरकतो. मग स्टीव्हन्सची जी योजना सर्वांत जहाल म्हणून फेटाळली गेली, मळेवाल्यांच्या जमिनी पूर्वीच्या गुलामांना वाटून देण्याची, ती त्या काळातली सर्वांत व्यवहार्य योजना होती, असं माझं मत आहे.

आधी त्याची प्रतिमा कुठून आली ते पाहू. युद्धानंतरच्या १८६५ ते १८७७ या काळाला अमेरिकेत ‘पुनर्रचना’ म्हणतात. तिचा इतिहास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रामुख्याने कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिला. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क देणं हीच घोडचूक होती, हे त्या लेखनाचं गृहीतक. १९१५ साली एक मूकपट आला. त्यात स्टीव्हन्सवर बेतलेलं पात्र लंगडं, कपटी आणि मिश्रवर्णीय घरकामवालीच्या कह्यात गेलेलं दाखवलं होतं, आणि तारणहार होते ‘कु क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचे घोडेस्वार. तो मूकपट व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. १९५६ साली, राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, जॉन केनेडी यांनीही स्टीव्हन्सचं वर्णन करताना त्याचं अपंगत्व आणि त्याचं माथेफिरूपण एका दमात सांगितलं. म्हणजे पन्नास वर्षं पाय, डोक्यावरचा केसांचा टोप, जीभ आणि लिडिया हॅमिल्टन स्मिथ एवढ्यावर या माणसाचा निवाडा होत राहिला. लिडियाबाईंनी वीस वर्षं त्याचं घर सांभाळलं, स्वतःच्या हिमतीवर मालमत्ता उभी केली. त्या दोघांचं नातं नेमकं काय होतं यावर गावाने चर्चा केली. जमीनवाटपाच्या गुणदोषांशी तिचा काय संबंध?

मुळात हा माणूस जन्मतःच बंडखोर वगैरे नव्हता. १७९२ साली व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावी जन्म, एक पाय जन्मतः वाकडा, वडील घर सोडून गेलेले, आईने चार मुलं वाढवलेली. डार्टमथ कॉलेजातून १८१४ साली बाहेर पडून तो पेनसिल्व्हेनियात आला आणि गेटिसबर्गला वकिली करू लागला. १८२१ साली त्याने चॅरिटी बटलर या बाईविरुद्ध तिच्या मालकाच्या बाजूने खटला लढवला आणि जिंकला. बाई पुन्हा गुलामीत गेली. त्याच्या चाहत्यांनी हे झाकू नये. त्या खटल्यानंतरचा स्टीव्हन्स हळूहळू घडत गेला, आणि मला त्याचं महत्त्व वाटतं ते यासाठीच. १८३५ साली पेनसिल्व्हेनियाचा मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात होता. विधिमंडळातल्या त्याच्या भाषणाने तो वाचला. तीन वर्षांनी राज्याच्या नव्या घटनेत मतदान फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं, तेव्हा त्याने त्या घटनेवर सही केली नाही. १८५१ साली क्रिस्टियाना इथे पळून आलेल्या गुलामांना पकडायला आलेला मालक मारला गेला आणि आसपासच्या लोकांवर थेट राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला, तेव्हा बचावाच्या वकिलांत तो होता. पहिल्या आरोपीला ज्यूरीने पाव तासात सोडलं. युद्ध सुरू झाल्यावर प्रतिनिधीगृहाच्या अर्थसमितीचा अध्यक्ष म्हणून युद्धाच्या पैशाची तजवीज त्यानेच केली. कर, कर्ज, कागदी नोटा, सगळं त्या समितीतून गेलं. लिंकन ज्या युद्धात जिंकला, त्याचा खर्च या ‘माथेफिरू’ने भागवला.

आता ‘जहालांनी बिथरवलं’ या मुख्य आरोपाकडे. इथे फक्त तारखा नीट मांडल्या तरी बराच प्रश्न सुटतो. लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने २९ मे १८६५ रोजी माफीनामा जाहीर केला आणि दक्षिणेतल्या राज्यांना स्वतःची घडी स्वतः बसवायला मोकळीक दिली. उदारपणाचा प्रयोग हाच होता, आणि तो झाला. त्यातून काय निघालं? त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मिसिसिपीने कायदा केला की कृष्णवर्णीयाला शहराच्या हद्दीबाहेर जमीन भाड्यानेही घेता येणार नाही, दर जानेवारीत त्याने कामाला असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा, नाही दाखवला तर तो भटक्या ठरणार, दंड होणार, आणि दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीला लावलं जाणार. जॉर्जियाने सिनेटसाठी निवडून पाठवला तो अलेक्झांडर स्टीफन्स, युद्धात दक्षिणेने उभारलेल्या बंडखोर सरकारचा माजी उपराष्ट्राध्यक्ष. मे १८६६ मध्ये मेंफिसला जमावाने ४६ कृष्णवर्णीयांना ठार केलं, जुलैत न्यू ऑर्लीन्समध्ये पुन्हा कत्तल झाली. आणि ज्याला सूड म्हणतात तो लष्करी देखरेखीचा कायदा कधीचा? २ मार्च १८६७. बिथरवणारी गोष्ट बिथरल्यानंतर सव्वा वर्षाने घडली, असं मानायचं का?

आणि ‘टोकाचा’ हा शब्द. जून १८६६ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात अखेरच्या मतदानाला आली. तीत कायद्यापुढे समानता होती, नागरिकत्व होतं. मतदानाचा हक्क नव्हता. राज्याने तो नाकारला तर त्याचे प्रतिनिधी कमी होतील, एवढीच तरतूद. स्टीव्हन्सला हे फार अपुरं वाटत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो आजारी माणूस सभागृहात उठून म्हणाला की तरुणपणी, मध्यमवयात आणि म्हातारपणीही मी स्वप्न पाहत होतो की एखाद्या सुदैवी क्षणी आपल्या संस्थांची अशी पुनर्घडण होईल की माणसामाणसांत कायद्याने भेद उरणार नाही. ते स्वप्न विरलं आहे. मग एवढा अपुरा प्रस्ताव तू का स्वीकारतोस, असं तुम्ही विचाराल. तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही, म्हणून. असं म्हणून त्याने बाजूने मत दिलं. तडजोडीचं इतकं प्रामाणिक भाषण नेमस्त म्हणवणाऱ्या किती नेत्यांच्या नावावर आहे? तडजोड त्याला वर्ज्य नव्हती. चाळीस लाख लोकांच्या पाठीवर उभी राहणारी तडजोड तेवढी त्याला नको होती.

तरी विरोधकांच्या काही मुद्द्यांना मान दिलाच पाहिजे. त्याची जीभ जहरी होती आणि त्याने आपल्या कामाचं त्यामुळे नुकसान करून घेतलं. पक्षाचं हित त्याच्या डोळ्यांसमोर होतं. कृष्णवर्णीयांच्या मतांनी आपल्या रिपब्लिकन पक्षाची सत्ता टिकेल, हे त्याने सभागृहात उघड सांगितलं. १८६८ चा जॉन्सनवरचा महाभियोग कायद्याच्या दृष्टीने कच्चा होता. युद्धमंत्र्याला काढून टाकण्याचं कलम पुढे केलं गेलं, खरा राग मात्र राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसचे कायदे अंमलात येऊ न देण्याचा होता. एका मताने दोन तृतीयांश हुकले. खुर्चीत बसवून सभागृहात आणलेला स्टीव्हन्स त्यानंतर तीन महिनेही जगला नाही. या सगळ्यातून तो उतावळा होता, हट्टी होता, पक्षाभिमानी होता, असं निघतं. जमिनीबाबत तो चुकला होता, असं मात्र निघत नाही.

६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टर या आपल्या गावी केलेल्या भाषणात त्याने हिशेब मांडला. बंडखोर राज्यांत एकूण सुमारे ४६ कोटी ५० लाख एकर जमीन. दोनशे एकरांहून अधिक जमीन असणारे साधारण ७० हजार लोक. सरकारी जमीन धरून त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख एकर. उरलेल्या साऱ्या जनतेकडे ७ कोटी १० लाख. या ७० हजारांची जमीन जप्त करायची, मुक्त गुलामांतल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यायची, त्याला लागणार फक्त ४ कोटी एकर. बाकीची विकून युद्धाचं कर्ज फेडायचं, जखमी सैनिकांना आणि विधवांना पेन्शन द्यायचं. दक्षिणेतल्या दहांपैकी नऊ गोऱ्यांच्या तर बांधालाही धक्का लागणार नव्हता. हा रागावलेल्या माणसाचा जाहीरनामा वाटतो का? मला तरी हा अर्थसमितीच्या अध्यक्षाने घातलेला हिशेब वाटतो. ज्यांची सत्ता मोडायची त्यांची सत्ता कशात आहे, हे त्याला नेमकं कळलं होतं. गुलाम सुटला तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहिला, तर सुटलेला माणूस उद्या सकाळी कुणाच्या दारात उभा राहणार?

हे त्याला एकट्यालाच सुचलं होतं असंही नाही. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं की तुम्हाला स्वातंत्र्य टिकवायला काय हवं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. आयुष्यातली बहुतेक वर्षं गुलामीत काढून त्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःला विकत घेतलं होतं. ते म्हणाले, आम्हाला जमीन हवी, ती आम्ही आमच्या श्रमाने नांगरू. चार दिवसांनी शर्मनने हुकूम काढला आणि किनाऱ्यालगतची सुमारे चार लाख एकर जमीन चाळीसेक हजार लोकांना कसायला मिळाली. जॉन्सनच्या माफीनाम्याने त्याच वर्षात तिचा बहुतांश भाग जुन्या मालकांकडे परत गेला.

‘पण मालमत्तेचा हक्क?’ हा आक्षेप वजनदार आहे, तो झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात राजद्रोह्याची जप्ती त्याच्या हयातीपुरतीच ठेवली आहे. बापाच्या गुन्ह्यासाठी वारस नागवले जाऊ नयेत, हे तिच्यामागचं सुजाण तत्त्व. लिंकनने १८६२ चा जप्तीचा कायदा याच कारणाने मवाळ करून घेतला होता. मान्य. पण ज्या देशाने १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या केल्या, त्याला चौथी करता आली नसती? आणि जप्ती त्या देशाला नवी होती का? स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू घेणाऱ्यांच्या इस्टेटी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कसह अनेक राज्यांनी जप्त करून विकल्या होत्या. ऑगस्ट १८६१ मध्ये खुद्द बंडखोर सरकारने उत्तरेतल्या लोकांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा केला होता. शिवाय मालमत्तेचा सर्वांत मोठा हक्क, माणसावरचा, तर तेराव्या दुरुस्तीने भरपाईविना संपवलाच होता. म्हणजे प्रश्न तत्त्वाचा उरलाच नव्हता, फक्त कुठे थांबायचं याचा होता. त्याच दशकात तीच काँग्रेस रेल्वे कंपन्यांना कोट्यवधी एकर देत होती आणि १८६२ च्या कायद्याने पश्चिमेत जाणाऱ्या कुटुंबांना १६०-१६० एकर वाटत होती. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हा डाग त्या साऱ्या वाटपावर आहेच. तरी सरकारने जमीन देणं ही कल्पनाच अमेरिकी परंपरेबाहेरची होती, हे म्हणणं टिकत नाही.

भरपाईचाच विचार करायचा तर तो पूर्ण करावा. ब्रिटनने १८३३ साली गुलामी रद्द करताना दोन कोटी पौंड दिले, मालकांना. हैतीच्या जनतेवर १८२५ साली फ्रान्सने खंडणी लादली, ती मालकांच्या ‘नुकसाना’साठी. वॉशिंग्टन शहरात एप्रिल १८६२ मध्ये गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने माणशी सरासरी तीनशे डॉलरपर्यंत रक्कम मोजली, तीही मालकांना. दोनशे वर्षांची फुकट मजुरी ज्यांनी केली, त्यांच्या भरपाईचा प्रश्न आला की मात्र मालमत्तेचं पावित्र्य आठवतं. जमीनवाटपाच्या १८६७ च्या विधेयकावर बोलताना स्टीव्हन्सने रशियाचा दाखला दिला: झारने कोट्यवधी भूदास मुक्त केले, तेव्हा ते ज्या मातीत राबले त्याच मातीत त्यांना जमीन द्यायला लावली. रशियातही शेतकऱ्यांच्या गळ्यात दशकानुदशकांचे हप्ते अडकले, ते काही आदर्श चित्र नव्हे. पण एक निरंकुश बादशहा भूदासांना जेवढं देऊ शकला, तेवढंही प्रजासत्ताकाला जमलं नाही, हा त्या दाखल्यातला सल खरा आहे.

सूडाचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी, दक्षिणेच्या जनरल अर्लीच्या फौजेने स्टीव्हन्सचा कॅलिडोनिया इथला लोखंडाचा कारखाना जाळला. त्याचा धागा पकडून पुढे किती जणांनी लिहिलं की जमीनजप्तीची मागणी त्या जळलेल्या भट्टीतून आली. त्या जुलैत लिहिलेल्या एका पत्रात मात्र त्याने म्हटलं होतं की या दुष्ट युद्धात सगळ्यांनाच सोसावं लागणार, माझ्या वाट्याचं मला क्षणभरही दुःख झालेलं नाही, आणि देश एक राहून गुलामीचा मागमूस उरला नाही तर हा सौदा स्वस्तच.

विरोधकांचा सर्वांत चांगला मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला उत्तर देणं खरोखर अवघड आहे. ते म्हणतात, समजा चाळीस एकर दिले असते. तरी कापसाचे भाव पडलेच असते, सावकार होताच, क्लॅन होताच. छोट्या गोऱ्या शेतकऱ्यांच्याही जमिनी त्या काळात कर्जात गेल्या. मग कृष्णवर्णीयांच्या टिकल्या असत्या हे कशावरून? तर दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरून. तिथे नियतीने जणू प्रयोगच करून ठेवला आहे. ब्यूफर्ट आणि सेंट हेलिना बेटाचा भाग १८६१ च्या नोव्हेंबरातच उत्तरेच्या ताब्यात आला. पळून गेलेल्या मळेवाल्यांनी कर भरला नाही म्हणून १८६२ च्या करकायद्याखाली त्यांच्या जमिनींचे लिलाव झाले. त्यात दहा-दहा एकरांचे तुकडे पूर्वीच्या गुलामांनी विकत घेतले. रॉबर्ट स्मॉल्स, ज्याने मे १८६२ मध्ये बंडखोरांचं जहाज चार्ल्सटन बंदरातून पळवून आणलं होतं, त्याने तर आपल्या जुन्या मालकाचं घरच लिलावात घेतलं. या जमिनी जॉन्सनच्या माफीने परत करता येईनात, कारण कायद्याने त्या विकल्या गेल्या होत्या. १८७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्मॉल्सच्या घराच्या खटल्यात निकाल त्याच्या बाजूने दिला. म्हणजे कायदेशीर वाट होती.

आणि राजकारणात काय झालं? १८७७ साली केंद्राच्या फौजा मागे घेतल्या गेल्या, दक्षिणेत दहशतीला मोकळं रान मिळालं, एकेका राज्यात कृष्णवर्णीयांची मतं संपवली गेली. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ साली उरले १,३४२. पण ब्यूफर्टचा भाग स्मॉल्सला १८८० च्या दशकातही काँग्रेसमध्ये पाठवत राहिला. १८९५ साली दक्षिण कॅरोलायनाने कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यासाठीच घटना परिषद भरवली, तिथे सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आले आणि त्यांतले पाच एकट्या ब्यूफर्ट परगण्यातले होते. ते हरले, हे खरं. दहा एकरांनी अख्ख्या राज्याशी लढता येत नाही. पण बाकी सगळे केव्हाच गप्प केले गेले असताना हे पाच जण उभे राहून बोलू शकले, कारण त्यांना निवडून देणाऱ्यांना ‘उद्यापासून कामावर येऊ नकोस’ असं म्हणणारा मालक नव्हता. मतपेटीपर्यंतची वाट शेतातून जाते, हे ज्याने गावातलं राजकारण पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

मिसिसिपीतल्या होम्स परगण्यातलं माइल्स्टन घ्या. १९४० च्या सुमारास रूझवेल्ट सरकारच्या योजनेतून तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना मळ्यांची जमीन हप्त्यांनी घेता आली. १९६३ च्या एप्रिलात मतदार म्हणून नाव नोंदवायला चौदा जणांचा जो पहिला जथा लेक्झिंग्टनच्या न्यायालयावर गेला, तो याच जमीनमालकांच्या वस्तीतला. पुढच्या महिन्यात हार्टमन टर्नबो यांच्या घरावर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. त्यांनी बंदूक घेऊन घर राखलं. आणि पुनर्रचनेनंतर मिसिसिपीच्या विधिमंडळात गेलेला पहिला कृष्णवर्णीय आमदार, रॉबर्ट क्लार्क, १९६७ साली निवडून आला तो होम्स परगण्यातूनच. जे १८६५ साली चाळीस एकरांनी करायचं होतं, ते शंभर वर्षांनी एका कोपऱ्यात थोडंसं झालं. बाकी सगळीकडे काय होतं? अर्धेलीची शेती. बियाणं मालकाच्या दुकानातून उधार, हिशेबाची वही मालकाकडे, पीक निघालं की वही सांगणार अजून देणं बाकी आहे.

‘पण हे राजकीयदृष्ट्या शक्यच नव्हतं’ असं म्हणून शहाणी माणसं वाद मिटवतात. फेब्रुवारी १८६६ मध्ये स्टीव्हन्सची जमिनीची दुरुस्ती प्रतिनिधीगृहात ३७ विरुद्ध १२६ मतांनी पडली, त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं, हा पुरावा. पण शक्य-अशक्य हे त्या काळात किती झपाट्याने बदलत होतं पाहा. मार्च १८६१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने दोन तृतीयांश बहुमताने एक घटनादुरुस्ती संमत केली होती: राज्यांमधल्या गुलामीला केंद्र कधीही हात लावणार नाही. राज्यांची मान्यता मिळाली असती तर तीच तेरावी दुरुस्ती ठरली असती. चार वर्षांनी त्याच काँग्रेसने खरोखरची तेरावी दुरुस्ती केली, गुलामी संपवणारी. १८६१ मधला कुठला व्यवहारी माणूस १८६५ शक्य म्हणाला असता? स्टीव्हन्स हरला म्हणून त्याची मागणी अव्यवहार्य होती, असं म्हणणारे निकालालाच कारण समजतात. ती १२६ मतं देणारे बहुतेक जण दुष्ट नव्हते. कापसाचं पीक पुन्हा निघावं, मजूर कामाला लागावेत, देश सुरळीत व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. त्या सुरळीतपणाची किंमत कोण मोजणार, हे त्यांनी विचारलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारी माणसं होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. त्या लोकांतला एक जण, स्टीव्हन्स, लँकेस्टरच्या छोट्याशा दफनभूमीत विसावला त्याला तेव्हा जवळपास पाच वर्षं होत आली होती. इतर दफनभूमींच्या नियमांत वर्णाची अट होती, म्हणून त्याने हीच निवडली, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, डनिंग तिथे शिकवत असतानाच. पण तिथून त्यांनी डनिंगचा निष्कर्ष आणला नाही. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कोकणातली खोती संपवण्याचं विधेयक मांडलं. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं. डनिंगच्या इतिहासाला पुराव्यानिशी उत्तर देणारे ते पहिले मोठे अभ्यासक. पुढच्याच वर्षी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी अमेरिकेच्या पुनर्रचनाकाळातल्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला आणि त्याच मसुद्यात शेतजमिनीच्या मालकीचा प्रश्नही घटनेतच सोडवा अशी मागणी केली. हक्क आणि जमीन एका कागदावर. स्टीव्हन्सला नेमकं हेच हवं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘लिंकन जगला असता तर’ म्हणालं की मला एडिस्टो बेट आठवतं. सेंट हेलिनासारखंच तेही दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं, पण तिथल्या जमिनी लिलावातल्या नव्हत्या, शर्मनच्या हुकमाने मिळालेल्या होत्या. ऑक्टोबर १८६५ मध्ये जनरल हॉवर्ड तिथल्या चर्चमध्ये जमलेल्या माणसांना सांगायला गेले की ही जमीन जुन्या मालकांना परत द्यावी लागेल, तुम्ही त्यांच्याशी मिळतंजुळतं घ्या, मागचं विसरा. हॉवर्ड सज्जन होते, गुलामीचे विरोधक होते, युद्धात उजवा हात गमावून बसले होते. त्यांना हे सांगताना यातना झाल्या. बेटावरच्या लोकांनी एक समिती नेमून त्यांना लेखी उत्तर पाठवलं. तुम्ही आम्हाला जमीनमालकांना क्षमा करायला सांगता, असं त्यात लिहिलं होतं. तुमचा फक्त उजवा हात गेला, तोही लढाईत. तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, ज्याने माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने फोडलं, ज्याच्या रिकाम्या झोपडीत मी राहायचं तर त्याचीच पेरणी करायची आणि तो देईल त्या दरात समाधान मानायचं, जो इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, कारण माझी जमीन असती तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नसतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, त्या माणसाला मी सहजी क्षमा करू शकत नाही.

एडिस्टोची जमीन परत गेली.